प्रकल्प नोंदी: दूध संकलनाचा संगणक, बोलकी पेटी आणि दोन होस्टमधली वायर

२ मार्च २०२५

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी बोलकी पेटी करायची ठरली. कॅनमधलं दूध वजनकाट्यावर ओतलं आणि अ‍ॅनालायझरनं नमुना तपासला की संगणकावर वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर उमटतात. पूर्वी हेच आकडे बाहेरच्या लाल डिस्प्लेवर दिसायचे. गेल्या वर्षी वळवाच्या विजेत तो डिस्प्ले गेला, संगणकाचं लॅन पोर्टही गेलं. आता ज्यांना पावतीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत ते सचिवांना विचारतात, "तात्या, फॅट किती लागली?" सकाळच्या गर्दीत तात्या प्रत्येकाला उत्तर देऊ शकत नाहीत. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या दुधाचा आकडा स्वतःला कळला पाहिजे, एवढ्यासाठी हे काम.

आराखडा असा: संकलनाचं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीची एक ओळ डिस्प्लेसाठी कुठल्याही कॉम पोर्टवर (संगणकाच्या सीरियल जोडणीवर) पाठवतं. ती ओळ रास्पबेरी पाय ३ बी या छोट्या एका बोर्डाच्या संगणकानं पकडायची आणि स्पीकरवर मराठीत बोलायची. संगणकाची दोन्ही जुनी सीरियल पोर्ट काटा आणि अ‍ॅनालायझरनं अडवली आहेत. उरली फक्त यूएसबी.

६ मार्च

मी नसताना तात्यांच्या पुतण्यानं एक केबल आणून लावली. दोन्ही टोकांना चपटी, ए प्रकारची पिन. त्याचं म्हणणं सरळ होतं: "दोन्हीकडं एकच भोक हाय, मग दोन्हीकडं एकच पिन लागणार की." पोरानं मदत म्हणूनच केलं, आणि ही केबल बाजारात सर्रास मिळते.

मी पोचलो तेव्हा संगणकाचा प्लग भिंतीतून काढलेला होता. तरीही कॅबिनेटच्या जाळीतून मदरबोर्डवरचा हिरवा दिवा मंद पेटलेला दिसला. रास्पबेरीच्या पडद्यावर कोपऱ्यात विजेचं चिन्ह होतं. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते येतं. म्हणजे रास्पबेरीचे पाच व्होल्ट केबलमधून उलटे संगणकात शिरले होते आणि त्याच्या स्टँडबाय लाइनवर (संगणक बंद असतानाही चालू राहणाऱ्या पुरवठ्यावर) पसरले होते.

आधी रास्पबेरी बंद केली, मग केबल काढली. काही जळलं नाही. पण ज्या संगणकाचा प्लग हातात आहे त्याच्यात वीज आहे, ही गोष्ट मला सगळ्यात वाईट वाटली. रॅम बदलायला कुणी निर्धास्तपणे कॅबिनेट उघडलं असतं तर?

तात्या म्हणाले, "आवो, पाच व्होल्टानं काय हुतंय?" नीट उत्तर द्यायचं असेल तर मोजून द्यावं लागेल.

८ मार्च

घरी टेबलावर प्रयोग. एका जुन्या, टाकाऊ संगणकाचा पोर्ट आणि रास्पबेरीचा पोर्ट. तीच ए-ए केबल मधोमध सोलून पाच व्होल्टची लाल तार कापली आणि मध्ये मीटर घातला.

आधी डेटाच्या दोन तारा. इथं भीती कमी निघाली आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. होस्ट म्हणजे ज्याच्यात उपकरण जोडतात ते यंत्र; इथं संगणक आणि रास्पबेरी दोघेही होस्ट. होस्टच्या बाजूला डी-प्लस आणि डी-मायनस दोन्ही १५ किलोओहमनं खाली ओढलेल्या असतात. उपकरणाच्या बाजूला त्यांतली एक तार १.५ किलोओहमनं ३.३ व्होल्टकडे वर ओढलेली असते. ती वर गेली की होस्टला कळतं, कुणीतरी आलं. दोन होस्ट जोडले तर दोघांच्याही तारा खालीच राहतात. दोघेही दाराशी पाहुण्याची वाट बघत उभे, आणि दार कुणीच वाजवत नाही. मीटरवर दोन्ही तारांवर शून्य. डेटा जात नाही, पण डेटाच्या तारांवर दोघांची झटापटही होत नाही.

झटापट होते ती लाल तारेवर. यूएसबी २.० मध्ये होस्टच्या पूर्ण क्षमतेच्या पोर्टला ४.७५ ते ५.२५ व्होल्टची मुभा आहे. म्हणजे दोन बिनदोष होस्टमध्येसुद्धा अर्ध्या व्होल्टचा फरक असू शकतो. माझ्याकडे संगणकावर ५.११ आणि रास्पबेरीवर ४.९४ निघाले. फरक ०.१७ व्होल्ट. ऐकायला काहीच नाही. पण मधे अडवायला काय आहे? पातळ केबलच्या तारेचा विरोध दर मीटर लांबीला सुमारे ०.२ ओहम, जाताना एकदा आणि येताना एकदा, वर फ्यूज आणि स्विच मिळून आणखी थोडा. मीटरनं ०.१९ अँपिअर दाखवला, आणि तो संगणकाकडून रास्पबेरीकडे वाहत होता. फरक अर्धा व्होल्ट असता तर अर्ध्या अँपिअरच्या पुढे गेला असता.

त्यात पुरवठ्याचा स्वभावही बघावा लागतो. बहुतेक रेग्युलेटर प्रवाह देतात, घेऊ शकत नाहीत. दुसऱ्यानं वरून ढकललं की कमी व्होल्टेजवाला नुसता हात वर करतो आणि त्याची लाइन दुसऱ्याच्या मर्जीवर चढते.

जोडताना ठिणगीही दिसली. उपकरणानं लाल तारेवर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटर लावायचा नाही असा नियम आहे, तर होस्टच्या पोर्टमागे किमान १२० मायक्रोफॅरड असावा लागतो. एक होस्ट बंद असताना दुसरा जोडला की तो रिकामा मोठा कपॅसिटर एका दणक्यात भरतो.

पिनांचा आकार वेगळा ठेवण्यामागं हाच विचार होता. चपटी ए पिन होस्टकडे, चौकोनी बी उपकरणाकडे, म्हणजे चुकीची जोडणी हातून व्हायलाच नको. ए-ए केबल तो विचारच पुसून टाकते. यूएसबी ३.० मध्ये मात्र एक अधिकृत ए-ए केबल आहे, दोन संगणक जोडून ऑपरेटिंग सिस्टिमचे दोष शोधण्यासाठी. तिच्यात लाल तार जोडलेलीच नसते, आणि डी-प्लस, डी-मायनसही नसतात. फक्त वेगवान डेटाच्या जोड्या आणि ग्राउंड, म्हणजे शून्याची तार. बाजारातल्या स्वस्त ए-ए केबलमध्ये लाल तार असते. माझ्या हातातल्या केबलमध्ये होती.

९ मार्च

पुतण्यानं विचारलं, "मग माझा फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडं सी पिन. त्याला कसं काय हुत नाही?"

प्रश्न चांगला. सी प्रकारात सीसी नावाची एक वेगळी पिन आहे. वीज देणारा तिला रोधकानं वर ओढतो, घेणारा ५.१ किलोओहमनं खाली. समोर ते ५.१ किलोओहम दिसेपर्यंत देणाऱ्यानं पाच व्होल्ट सोडायचेच नाहीत, असा करार आहे. दोन्हीकडे फक्त देणारेच असतील तर दोघेही गप्प राहतात. फोन आणि लॅपटॉप दोन्ही भूमिका आलटून पालटून करतात, म्हणून त्यांचं जमतं. ए पोर्टला ही विचारपूस माहीत नाही. तिथं मशीन चालू झालं की पाच व्होल्ट सहसा कायम हजर.

१५ मार्च

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

सकाळचं संकलन आटोपल्यावर केंद्रावर मीटर घेऊन गेलो. फरशी धुतलेली, ओली. दूध घालायला येणाऱ्या एक मावशी मागे एकदा म्हणाल्या होत्या, "कॅन काट्यावर ठेवलं की हाताला मुंग्या येत्यात." सगळ्यांनी ते थंडीवर ढकललं होतं. मला ते वाक्य पाच व्होल्टच्या हिशेबात बसत नव्हतं म्हणून डोक्यात राहिलं.

बाहेरच्या अर्थिंगच्या पट्टीपासून स्वतंत्र वायर आत आणली. संगणकाचं कॅबिनेट आणि ती वायर यांच्यात मीटर: १०३ व्होल्ट एसी. त्या वेळी लाइनला २१२ होते. जवळपास बरोबर निम्मे.

निम्मे का, तर एसएमपीएसच्या (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजपासून एक आणि न्यूट्रलपासून एक, असे दोन छोटे कपॅसिटर अर्थकडे जातात. त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. अर्थ शाबूत असेल तर त्यांच्यातून गळणारा प्रवाह मुकाट जमिनीत जातो. अर्थ तुटली की तो सांधा अधांतरी होतो आणि फेज-न्यूट्रलच्या बरोबर मध्ये जाऊन बसतो. कॅबिनेट त्याच सांध्याला जोडलेलं.

मग २ किलोओहमचा रोधक मध्ये घालून खरा प्रवाह मोजला. फक्त संगणक असताना ०.६२ व्होल्ट, म्हणजे ०.३१ मिलिअँपिअर. प्रिंटर आणि अ‍ॅनालायझर जोडल्यावर ०.५८ मिलिअँपिअर. गळती बेरजेनं वाढते, कारण सीरियल केबलच्या जाळीनं आणि ग्राउंडनं सगळी यंत्रं एकमेकांना बांधलेली आहेत. वजनकाट्याचं स्टीलचं ताट त्याच साखळीत होतं. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्या ताटावर कॅन टेकवणारा प्रत्येक माणूस संगणकाच्या कॅबिनेटला हात लावत होता.

अर्धा मिलिअँपिअर जीव घेत नाही, मुंग्या आणतो. पण त्या मुंग्या ओरडून सांगत होत्या की इथं अर्थ नाही. अर्थ नसताना एखाद्या एसएमपीएसचं आतलं इन्सुलेशन फुटलं तर काट्याच्या ताटावर २३० व्होल्ट आले असते, आणि कुठलाही फ्यूज उडाला नसता. मावशींचं म्हणणं वर्षभर कुणी तपासलं नाही, मीही नाही. याचं मला फार वाईट वाटलं. आज त्यांना जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं. काम होईपर्यंत सगळ्यांनी चप्पल घालूनच कॅन ठेवायचं आणि ताटाखाली रबरी चटई घालायची, असं तात्यांनी त्याच दिवशी सुरू केलं.

यूएसबीचा प्रश्न इथं येऊन बदलला. दोन होस्ट जोडताना मी लाल तारेकडे बघत होतो. बघायला हवं होतं काळ्या तारेकडे आणि पिनेवरच्या पत्र्याच्या कवचाकडे. ते दोन यंत्रांचं शून्य एक करतात. एका यंत्राचं शून्य जमिनीपासून १०३ व्होल्टवर तरंगत असेल तर दुसऱ्यालाही तिथंच ओढून नेतात. रास्पबेरीचा स्पीकर बाहेर पत्र्याच्या शेडच्या खांबाला लावायचा होता. ती केबल राहिली असती तर खांबही त्या साखळीत आला असता.

२३ मार्च

परवानाधारक वायरमनला बोलावलं. बोर्ड उघडला. हिरवी वायर सॉकेटपर्यंत येत होती, पण मुख्य बोर्डात तिचं टोक गंजून लगमधून गळून पडलं होतं. २०१९ च्या पुरात हा बोर्ड पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर स्विच बदलले, हिरव्या वायरीकडे कुणी पाहिलं नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, संगणक चालतो. अर्थ तुटल्याचं कुठलंच यंत्र सांगत नाही.

अर्थ पिटची अवस्थाही वाईट. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. टेस्टरवर २८ ओहम आले. २१२ भागिले २८ म्हणजे साडेसात अँपिअर. नुसती हिरवी वायर जोडून थांबलो असतो तर बिघाडाच्या वेळी साडेसात अँपिअर वाहिले असते आणि १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ढिम्म राहिला असता. म्हणून पिट उकरून नवा पाइप, मीठ-कोळसा, पाणी. संध्याकाळी ५ ओहम. शिवाय मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला. टेस्टचं बटण दाबून उडतो का, ते तात्यांना स्वतःच्या हातानं करायला लावलं.

कॅबिनेट ते अर्थ: ०.४ व्होल्ट.

२९ मार्च

अर्थ सुधारली म्हणून ए-ए केबल चालेल का? नाही. उलटा पुरवठा तसाच राहतो. आणि अर्थ पुन्हा कधी तुटेल ते कुणी सांगावं.

पर्याय तपासले. दोन संगणक जोडायची ब्रिज केबल मिळते. तिच्या मधल्या फुगीर भागात एक चिप असते, ती दोन्हीकडे उपकरण म्हणून वागते, म्हणजे दोन्ही होस्टना पाहुणा मिळतो. डेटाच्या दृष्टीनं हे बरोबर. पण ग्राउंड आरपार जोडलेलंच असतं, आणि दोन्हीकडे तिचं सॉफ्टवेअर लागतं.

दुसरा पर्याय, यूएसबीला लॅनचं अ‍ॅडॅप्टर. फायली हलवायच्या असतील तर मी कुणालाही हाच सांगेन. लॅनच्या प्रत्येक पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, १५०० व्होल्टपर्यंत अलग ठेवणारा, आणि साध्या जाळी नसलेल्या केबलनं ग्राउंड जोडलं जात नाही. पण आमचं सॉफ्टवेअर कॉम पोर्टशिवाय दुसरं काही ओळखत नाही.

तिसरा, यूएसबी आयसोलेटर. एडीयूएम ४१६० ही चिप त्यासाठीच आहे. ती १२ मेगाबिटपर्यंत चालते. पण तीही एका होस्टला एक उपकरण अलग करून देते. दोन होस्टना एकमेकांशी बोलतं करणं हे तिचं काम नाही.

आमची गरज मात्र साधी आहे. डेटा एकाच दिशेनं जातो, संगणकाकडून रास्पबेरीकडे. परत काहीच यायचं नाही. एका दिशेसाठी उजेड पुरतो. ऑप्टोकपलरमध्ये एका बाजूला छोटा एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाशावर चालणारा ट्रान्झिस्टर, मध्ये तार नाही. हेच करायचं ठरलं.

५ एप्रिल

बोर्ड तयार. संगणकाच्या यूएसबीत सीपी२१०२ चं सीरियल मॉड्यूल. संगणकाच्या दृष्टीनं ते सरळ उपकरण आहे, म्हणून होस्टला होस्ट भिडत नाही. मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टपासून ४७० ओहममधून पीसी८१७ या ऑप्टोकपलरच्या एलईडीत, आणि एलईडीचं दुसरं टोक टीएक्सडीला, म्हणजे मॉड्यूलच्या पाठवायच्या पिनेला. टीएक्सडी निवांत असताना वर असतो, एलईडी बंद. शून्य बिट आला की खाली जातो आणि एलईडी पेटतो. प्रवाह साडेचार मिलिअँपिअरच्या आसपास. पलीकडे ट्रान्झिस्टर रास्पबेरीच्या आरएक्सडीला (घ्यायच्या पिनेला) खाली ओढतो, वर १० किलोओहम ३.३ व्होल्टला. दोनदा उलटं होऊन संदेश सरळच निघतो.

पीसी८१७ चे पाय आडवे ७.६२ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे ठिपक्यांच्या बोर्डवर मध्ये छिद्रांच्या दोन ओळी मोकळ्या. त्या दोन्ही ओळींतलं तांबं पूर्ण बोर्डभर खरवडून काढलं. चिप पाच हजार व्होल्ट सहन करणारी आणि तिच्या पोटाखाली सोल्डरचा थेंब, असं मी दुरुस्तीला आलेल्या बोर्डांत पाहिलं आहे.

मॉड्यूल आणि रास्पबेरी काढून दोन्ही बाजूंच्या ग्राउंडमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला. २०० मेगाओहमच्या पुढे, मीटरच्या टोकाला.

१२ एप्रिल

अक्षरं बिघडून येतात. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगानं "४.२" पाठवलं तर कचरा, १२०० ला बरोबर. ९६०० ला एका बिटला १०४ मायक्रोसेकंद मिळतात. १० किलोओहमवर ट्रान्झिस्टर खोल संपृक्त (पूर्ण चालू) होतो आणि उजेड विझला तरी सुटायला वेळ घेतो. रोधक २.२ किलोओहमचा केला. हजार ओळी पाठवल्या, सगळ्या जशाच्या तशा आल्या.

रास्पबेरीच्या सीरियलवरचा लॉगिन कन्सोल बंद करायचा राहिला होता, तोही केला.

२० एप्रिल

बसवलं. बोलकी पेटी शेडमध्ये, संगणक आत, मध्ये दोन तारांची केबल, जाळीविना. ऑप्टोचा बोर्ड रास्पबेरीच्या पेटीत ठेवला. मॉड्यूलपासून येणाऱ्या तारा पेटीच्या एका बाजूनं, बाकी सगळं दुसऱ्या बाजूनं.

तपासणी: संगणक चालू, रास्पबेरी बंद, रास्पबेरीच्या पाच व्होल्ट लाइनवर शून्य. मग उलट, संगणकाचा प्लग भिंतीतून बाहेर आणि रास्पबेरी चालू. मदरबोर्डचा दिवा विझलेला. ६ मार्चला जो पेटला होता तोच.

संध्याकाळच्या संकलनात पहिली नोंद म्हशीच्या दुधाची. पेटी म्हणाली, "वजन चार पूर्णांक सहा किलो. फॅट सहा पूर्णांक आठ." मुंग्यांबद्दल सांगणाऱ्या मावशीच पुढे होत्या. त्यांनी आधी काट्याच्या ताटावर तळहात ठेवून पाहिला, मग आकडा ऐकला. पेटीचा वेग त्यांना जास्त वाटला. थोडा कमी केला.

१८ मे

वळीव. विजा सुरू होताच तात्यांनी दोन्ही प्लग काढले आणि दोन तारांची केबलही सॉकेटमधून उपसली. ऑप्टोकपलर उपकरणांमधला फरक थोपवतो. जवळ पडलेल्या विजेपुढं तो टिकेल असं मी धरून चाललेलो नाही, म्हणून ही सवय लावून घेतली.

८ जून

अर्थ पिट ४ ओहम, पावसानं माती भरली आहे. कॅबिनेट ते अर्थ ०.३ व्होल्ट. आरसीसीबीचं बटण दाबलं, उडाला. सीरियलची एकही ओळ हुकलेली नाही.

ए-ए केबल पुतण्यानं स्वतः कापली. एका टोकाच्या लाल-काळ्या तारा काढून तिचा पाच व्होल्टचा छोटा दिवा केला आहे, रात्री कॅन धुताना लागतो. दुसरं टोक फेकलं.

पुढची मोजणी मार्चअखेर, माती भेगाळल्यावर. तोवर पिटमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी, फेब्रुवारीपासून. तात्यांनी ते संकलनाच्या फळ्यावर, दराच्या खाली, लिहून ठेवलं आहे.